गरज तपासली आहे

बँकेच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं काढली आणि एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी नोकरी सोडली. महिन्यापूर्वीच नवरा गेलेली एक बाई त्याची ठेव मोडायला आली होती. मॅनेजर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "ठेव मोडू नका, विमा गळ्यात मारा. महिनाअखेर आहे."

मी म्हटलं, "साहेब, तिच्या डोळ्यातलं पाणी तरी वाळू द्या."

"या तोंडानं तुमचं कधी भलं व्हायचं नाही," तो म्हणाला.

त्याच तोंडानं मी त्याला आणखी चार वाक्यं ऐकवली, पर्स उचलली आणि निघाले. ती बाई हातात फॉर्म धरून नुसती बघत राहिली. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

माझा नवरा जमिनी मोजतो. मोजणीदार माणूस, बोलण्यातसुद्धा फुटपट्टी. घरी आल्यावर त्यानं विचारलं, "मग आता?"

"सल्ला देणार. पैशाचा. फी घेऊन."

"लोक फुकटचा सल्ला ऐकत नाहीत, विकतचा कोण ऐकेल?"

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. परीक्षा दिली, लायसन्स काढलं, एका चष्म्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली, आणि पहिले चार महिने मी आणि पंखा असे दोघेच तिथे असायचो. माझा नियम एकच होता: कुठल्याही कंपनीचं कमिशन घ्यायचं नाही. ज्याचे पैसे, त्याच्याकडूनच फी, आणि सल्लाही त्याच्याच फायद्याचा. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात लोक समोर बसून म्हणायचे, "पण दुसरा एजंट तर काहीच घेत नाही." मी म्हणायचे, "तो तुमच्याकडून घेत नाही, तुमच्यातून काढतो." त्यावर लोक रागवायचे. आपण फसलोय हे फसवणाऱ्याकडून नाही, सांगणाऱ्याकडून कळतं, म्हणून राग सांगणाऱ्यावर निघतो. हे मला कळायला वर्ष लागलं. त्या वर्षाअखेर माझ्याकडे एकतीस कुटुंबं होती.

मग माझी धाकटी जाऊ आली.

धाकटी एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करायची. तक्रार घेऊन आलेला माणूस तिच्यासमोर दोन मिनिटं उभा राहिला की आपल्याच तक्रारीबद्दल माफी मागून जायचा. तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, टायरचं दुकान चालवायचा, ते बुडालं, आणि सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्याकडे काम आहे, हिच्याकडे हात आहेत. घरातलं घरात भागव."

ती माझ्या खोलीवर पहिल्यांदा आली तेव्हा एक दातांचा डॉक्टर माझ्यावर चिडून उठला होता. त्याच्या तिन्ही पॉलिस्या रद्दी आहेत, असं मी त्याला सांगितलं होतं. रद्दीच होत्या. धाकटी दारातच उभी होती. ती त्याच्यामागून जिना उतरली आणि दहा मिनिटांनी त्याला हसत वर घेऊन आली.

"काय सांगितलंस त्याला?" मी नंतर विचारलं.

"म्हटलं, ताई डॉक्टरांसारख्याच आहेत. कीड दाखवतात, दात उपटायला सांगत नाहीत. तुम्ही मात्र ताई, आल्या आल्या पक्कड काढता."

मी हसले. तिला भागीदार करून घेतलं. माणसं ती बघणार, कागद मी बघणार. पहिल्या वर्षी एकतीसची नव्वद कुटुंबं झाली, दुसऱ्या वर्षी दोनशेच्या वर गेली. शेजारची खोली घेतली, मधली भिंत पाडली, टायपिंगला दोन मुली ठेवल्या. मला मोठं टेबल आलं. मान वर करून लोकांशी बोलायची गरज उरली नाही, याचं मला सुख वाटत होतं, हे खरंच सांगते.

आमच्या कामात एक कागद असतो. कुणालाही काहीही घ्यायला सुचवलं, की सोबत तो कागद जोडायचा. त्यावर छापलेलं असतं, "ग्राहकाची गरज तपासली आहे," आणि खाली लायसन्स ज्याचं त्याची सही. लायसन्स माझं होतं. सुरुवातीला प्रत्येक माणसाशी तासभर बोलल्याशिवाय मी सही केली नाही. मग धाकटी बोलायची आणि मला येऊन सांगायची, मग मी सही करायचे. मग ती सांगायचीही थांबली. शुक्रवारी दुपारी एक गठ्ठा टेबलावर यायचा, कागदांचे कोपरे मुडपून सहीची जागा वर काढलेली असायची, आणि मी चहा पीत सह्या करायचे. चहा संपायच्या आत गठ्ठा संपायचा.

चौथ्या वर्षी भूमितीच्या बाई आल्या.

शाळेत छत्तीस वर्षं भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाईंना सगळं गाव त्याच नावानं ओळखत होतं. वय एकाहत्तर. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत. पिशवीतून कागद काढले, टेबलाच्या कडेला बरोबर समांतर लावले आणि बोट ठेवलं.

"मी तुमच्या जावेला विचारलं होतं, की बहिणीचं ऑपरेशन करायचंय, दोन वर्षांत पैसे काढता येतील ना? ती म्हणाली, बाई, केव्हाही. आता ऑपरेशनची तारीख मिळाली. कंपनी म्हणते, अजून बारा वर्षं हात लावता येणार नाही. एकाहत्तर आणि बारा किती?"

"त्र्याऐंशी."

"बरोबर." त्यांनी पान उलटलं. "ही सही कोणाची?"

"माझी."

"वर काय लिहिलंय ते वाचा."

मी वाचलं नाही. मला पाठ होतं.

"मोठ्यानं वाचा."

"ग्राहकाची गरज तपासली आहे."

"काय तपासलीत? मी आज तुम्हाला पहिल्यांदा बघते आहे."

टायपिंगच्या मुलींचे हात थांबले होते. मी म्हटलं, "बसा ना, चहा..."

"पोरांची वही न बघता मी बरोबरची खूण केली असती ना, तर शाळेनं मला हाकलून दिलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि बरोबर केलं असतं." कागद तसेच टेबलावर ठेवून त्या गेल्या. म्हणाल्या, झेरॉक्स आहे, तुमच्याकडेच असू दे.

धाकटी त्या दिवशी बाहेरच्या कामाला गेली होती. मी तिचं कपाट उघडलं. चावी तिच्या ड्रॉवरमध्ये होती, पण कपाट माझ्या पैशाचं होतं. भूमितीच्या बाईंच्या पॉलिसीवर एजंट म्हणून एक नंबर होता, तोच नंबर आणखी बेचाळीस कागदांवर निघाला. नंबर माझ्या दिराचा. टायरचं दुकान बुडाल्यावर त्यानं विम्याची एजन्सी घेतली होती आणि माझ्याच ऑफिसातून, माझ्याच सहीनं, दोन वर्षं कमिशन त्याच्या खात्यात जात होतं. त्रेचाळीस माणसं. बहुतेक म्हातारी. प्रत्येक कागदावर माझी सही, तीही झोकात केलेली, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून.

धाकटी आली तेव्हा मी ते सगळे कागद जमिनीवर मांडले होते. तिनं दारातून बघितलं आणि चपला काढता काढता थांबली.

"ताई, मी सांगणारच होते."

"केव्हा? त्र्याऐंशी झाल्यावर?"

"आवाज खाली करा. मुली ऐकतायत."

"ऐकू देत. त्यांनी टाइप केलंय हे सगळं, त्यांना माझ्याआधी माहीत असणार."

मग ती आत आली, दार लावून घेतलं, आणि तिचा तो हॉटेलातला आवाज मी पहिल्यांदाच उतरलेला ऐकला. "तुम्ही मला चोर म्हणणार असाल तर आधी हिशेब ऐका. तुमच्या फीमध्ये या दोन मुलींचे पगार निघत होते? शेजारच्या खोलीचं भाडं निघत होतं? हे टेबल? महिनाअखेर पैसे कमी पडायचे, तेव्हा मी घालायचे. कुठून घालायचे? तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

"तू सांगितलं असतंस तर मी खोली सोडली असती."

"सोडली असतीत?" ती हसली. "ताई, तुम्हाला तत्त्वंही हवी होती आणि मोठी खोलीही हवी होती. तत्त्वं तुमच्या वाट्याला, खोलीचा खर्च माझ्या."

मी तिच्या तोंडावर फाइल फेकली. लागली नाही, दारावर आपटली. पण फेकली. गेली चार वर्षं लोकांना शांतपणे आकडे समजावणारी मी, जावेला फाइल फेकून मारत होते, कारण ती जे म्हणाली त्यातलं अर्धं खरं होतं आणि कुठलं अर्धं ते मला माहीत होतं.

रविवारी सासूबाईंनी सगळ्यांना बोलावलं. मी सांगितलं, की त्रेचाळीस जणांना पत्रं लिहिणार आणि खरं काय ते कळवणार.

सासूबाई म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं चव्हाट्यावर नेशील तर या घरात पाय ठेवू नकोस."

दीर म्हणाला, "वहिनी, मला जेलात घालणार का तुम्ही? तुमच्या हातचा डबा घेऊन शाळेत गेलोय मी."

"म्हणूनच जास्त राग येतोय."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि म्हणाला, "मला यात घेऊ नकोस." त्यानंतर पाच-सहा महिने आम्ही एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो. एकमेकांना लागणारी माहिती द्यायचो, बस्स.

पत्रं मी स्वतः टाइप केली, कारण मुली धाकटीबरोबर गेल्या होत्या. धाकटीनं माझ्यापेक्षा चार दिवस आधी फोन फिरवले होते. कोणाला सांगितलं ताईंची तब्येत बरी नाही, कोणाला सांगितलं डोक्यावर परिणाम झालाय, जाऊ पुढे गेली हे सहन होत नाही. समोरच्याच इमारतीत, रस्त्यापलीकडे, तिनं खोली घेतली. माझ्या खिडकीतून तिची पाटी दिसायची आणि तिच्याकडे चढणारे माझे लोक दिसायचे. दीडशे कुटुंबं पंधरा दिवसांत रस्ता ओलांडून गेली.

उरलेले भांडायला आले. तोच दातांचा डॉक्टर, तीन वर्षं ज्याच्या पैशाची मी स्वतःच्या पैशासारखी काळजी घेतली, तो दारातून ओरडला, "सही करताना डोळे फुटले होते का? आणि आता पत्रं पाठवून लोकांना घाबरवता?" त्याची पॉलिसी त्या त्रेचाळिसात नव्हतीच. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला फसवलेलं नाही, तरी ओरडताय. ज्यांना फसवलंय ते काय करत असतील?" तो म्हणाला, "निर्लज्ज आहात." एका सकाळी माझ्या पाटीवर कुणीतरी खिळ्यानं 'चोर' कोरलं होतं. मी पाटी उतरवली नाही. नवी करायला पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर थोडी खुन्नसही होती. वाचा म्हटलं. वाचा.

भूमितीच्या बाईंनी तक्रार केली, माझ्याविरुद्ध आणि दिराविरुद्ध. तक्रार निवारण कार्यालयात तारीख लागली. माझा वकील म्हणाला, "सोपं आहे. जावेवर विश्वास होता, तिनं अंधारात ठेवलं, गठ्ठ्यात कागद घुसडले. तुम्ही बळी आहात. रडता येत असेल तर थोडं रडा."

लांबट, पंखा कुरकुरणारी खोली. तक्रार अधिकारी सर्दीनं हैराण, दर दोन वाक्यांनी रुमाल नाकाला. धाकटीला साक्षीला बोलावलं होतं. फिकट साडी, हातात घड्याळ, आवाज मधासारखा. "साहेब, मी शिकाऊच. लायसन्स ताईंचं, अनुभव ताईंचा. त्यांच्या सहीशिवाय आमच्याकडे पान हलत नव्हतं." तिनं एकही शब्द खोटा सांगितला नाही. वाक्यं अशी लावली की खरं सगळं माझ्या अंगावर पडावं.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "सही तुमची?"

"माझी."

"कागद तुम्हाला फसवून सहीसाठी ठेवला होता?"

वकिलानं खालून माझ्या पायाला पाय लावला.

"नाही," मी म्हटलं. "उघड ठेवला होता. दर शुक्रवारी. मी वाचला नाही. वाचायला वेळ नव्हता असं नाही, मला वाटायचं आता माझी वाचायची पायरी राहिली नाही. जावेनं लबाडी केली, दिरानं पैसे खाल्ले. पण हा कागद त्यांना अडवण्यासाठीच असतो, आणि अडवायचं काम माझं होतं."

"हे तुमच्याविरुद्ध जातंय, कळतंय ना?"

"कळतंय."

वकिलानं फाइल मिटली. धाकटी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत कृतज्ञता वगैरे काही नव्हतं. मी तिचा डाव बिघडवला, असा शुद्ध संताप होता; कारण पैसे दिरानं खाल्ले, हेही मी बोलून गेले होते.

निकाल लागला. माझं लायसन्स वर्षभरासाठी बंद आणि वर दंड. दिराची एजन्सी रद्द. धाकटीचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, ती मोकळी सुटली. ज्या सतरा जणांनी तक्रारी केल्या त्यांचे पैसे कंपनीनं परत केले. बाकीच्यांनी तक्रार केलीच नाही, कारण धाकटी त्यांच्या घरी जाऊन बसली होती.

बाहेर पायऱ्यांवर भूमितीच्या बाई रिक्षाची वाट बघत होत्या. बहिणीचं ऑपरेशन उधारीवर, उशिरानं झालं होतं; बहीण चालायला लागली नव्हती. मी जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

त्याच म्हणाल्या, "आत खरं बोललात, म्हणून मी आता तुमचे आभार मानायचे का?"

"नाही."

"बरं. खरं बोलणं म्हणजे हजेरी. हजेरीचे मार्क मी कधी कुणाला दिले नाहीत." रिक्षा आली. बसताना त्या म्हणाल्या, "माझे पैसे मी पुन्हा कोणालाच बघायला देणार नाही. तुमच्यामुळे." आणि गेल्या.

ते वर्ष मी एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहून काढलं. मालक दिवसभर शिव्या द्यायचा, करवतीच्या आवाजात त्या ऐकू यायच्या नाहीत, त्यामुळे आमचं बरं जमलं. लायसन्स परत मिळालं तेव्हा मी एकच खोली ठेवली, दुसरी सोडून दिली. साठ कुटुंबांच्या वर घ्यायची नाहीत असं ठरवलं. आणि सही करण्याआधी अख्खा कागद माणसासमोर मोठ्यानं वाचायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. लोक वैतागतात. एक बांधकाम ठेकेदार म्हणाला, "बाई, पोथी लावलीय का? किती वाचणार?" मी म्हटलं, "तुम्हाला कुठलं तरी वाक्य कळलं नाही असं तुम्ही म्हणेपर्यंत." सोळाव्या मिनिटाला त्यानं पहिला प्रश्न विचारला. तो चांगला प्रश्न होता. कमिशन नाही, मोठं टेबल नाही, फी मात्र वाढवली. लोक फी वाढल्यावर उलट जास्त ऐकायला लागले. हे मला पहिल्या वर्षी कळलं असतं तर पुढची दोन वर्षं कदाचित वाचली असती.

धाकटीनं स्वतःच्या नावावर एजन्सी घेतली आणि तिची भरभराट झाली. पाटी मोठी झाली, मग दिव्यांची झाली. रस्त्यात भेटलो की ती मोबाइल बघायची आणि मी दुकानांच्या पाट्या वाचायचे. सासूबाईंनी मला पुन्हा घरात घेतलं, पण त्यांच्याकडे आम्ही वेगवेगळ्या वारी जायचो. नवरा हळूहळू बोलायला लागला; "चूक माझी होती" असं त्यानं कधी म्हटलं नाही आणि मीही ते कधी मागितलं नाही.

तीन वर्षांनी एका दुपारी धाकटीचे वडील माझ्या दारात उभे राहिले. आप्पा पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते, निवृत्त झाले त्याला जमाना झाला. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, श्वास लागलेला, बगलेत प्लास्टिकची पिशवी.

"पोरी, फी किती तुझी?"

मी सांगितली.

"महाग आहेस." त्यांनी नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. "हे वाच. तू वाचून दाखवतेस म्हणे."

पॉलिसी होती. एजंट म्हणून नाव धाकटीचं. सव्वातीन वर्षांपूर्वीची.

"तिला माहीत आहे तुम्ही इथे आलात?"

"नाही. पोरीवर विश्वास आहे माझा. पण मी आकडे मांडून बघतो तेव्हा बेरीज जमत नाही, आणि तिला विचारलं की ती छान बोलते. छान बोलली की मी विचारायचं विसरतो."

मी दुसरं कलम वाचत होते तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. तिनं खिडकीतून बघितलं असणार. दार धाडकन उघडलं.

"आप्पा, उठा."

"बस जरा."

"या बाईनं माझ्या संसाराची काय दशा केली ते तुम्हाला माहीत नाही का? माझ्या नवऱ्याला भर कार्यालयात नागडं केलं हिनं. आणि तुम्ही तिच्या दारात? माझ्या बापाला फितवताय का मॅडम?" ताई म्हणणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

"त्यांनी फी दिली आहे," मी म्हटलं. "हा वेळ त्यांचा आहे. तुला ऐकायचं तर बस. नाही तर जाताना दार लाव, रस्त्याचा आवाज येतो."

ती बसली नाही, गेलीही नाही. भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. मी वाचत राहिले. माझ्या आवाजात गोडी येऊ लागली होती आणि ती चांगल्यातली नव्हती. मला पुढे काय येणार ते दिसत होतं. नववं कलम वाचलं: सुरुवातीला वय सत्तरच्या वर असेल, तर मृत्यूनंतर फक्त भरलेले हप्ते परत, बाकी विमा काहीच नाही.

"असं नाही ते," ती म्हणाली. "आप्पांना दसपट मिळणार. कंपनीच्या माणसानं सांगितलंय."

"कुठे?"

"ट्रेनिंगला."

"तू हे वाचलं होतंस?"

आप्पा तिच्याकडे बघत नव्हते, टेबलाकडे बघत होते. मला तेव्हा कळलं की तिनं बापाला फसवलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं, की बापासाठी आपण चांगली वस्तू आणली. गोड बोलणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी तिला ती विकली होती.

"पुढचं वाचा," ती म्हणाली.

अकरावं कलम: तीन वर्षांनंतर हप्ते थांबवले तरी भरलेले पैसे बुडत नाहीत. चौदावं: पाच वर्षांच्या आत मोडल्यास एकूण रकमेतून तीस टक्के कपात. पाचनंतर चार टक्के. एकोणीस कलमं मी वाचून काढली. संपल्यावर तिनं माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि चौदावं कलम स्वतः वाचलं, ओठ हलवत.

"तुम्हाला आता बरं वाटत असेल," ती म्हणाली.

"हो. वाटतंय."

"मला कोणाला काय वाटतं ते ऐकायचं नाहीये," आप्पा म्हणाले. "पैसे मी सल्ल्याचे दिलेत. मोडू का ठेवू?"

मला 'मोडा' म्हणायचं होतं. जिभेवर होतं. तिच्यासमोर, तिच्या बापानं, तिनं दिलेली पॉलिसी मोडावी, आठवडाभर घरात रडारड व्हावी, हे मी तीन वर्षं कुठल्या ना कुठल्या रूपात मनात रंगवलं होतं. मी कॅल्क्युलेटर ओढला आणि आकडा मांडला. पुन्हा मांडला. आकडा माझ्या बाजूनं येईना.

"मोडू नका," मी म्हटलं. "आत्ता मोडलंत तर जवळजवळ तिसरा हिस्सा जाईल. पावणेदोन वर्षं थांबा. फक्त पुढचा हप्ता भरू नका. अकराव्या कलमाखाली अर्ज करायचा, एका पानाचा आहे. पाच वर्षं झाली की काढा आणि बँकेत ठेवा."

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. ती तयारीनं उभी होती, माझ्या 'मोडा'वर काय बोलायचं ते तिनं जमवून ठेवलेलं असणार. ते सगळं तिच्या तोंडात राहिलं.

"हप्ता थांबवला की तुझं पुढचं कमिशन थांबेल," मी म्हटलं. एवढं तरी मला म्हणायचंच होतं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "अर्ज कुठाय?"

मी ड्रॉवरमधून अर्ज काढून दिला. तिनं तो माझ्या टेबलावर टेकून भरला, आप्पांना सहीची जागा दाखवली, मग थांबली आणि त्यांना आधी सगळं वाचून दाखवलं, भरभर, चिडक्या आवाजात. आप्पांनी सही केली. एजंटच्या जागी तिनं स्वतःची केली. मग बापाच्या दंडाला धरून, "मला न सांगता जिने चढता, पडला असतात म्हणजे," असं बडबडत ती त्यांना खाली घेऊन गेली. जाताना दार उघडंच टाकलं.

पावणेदोन वर्षांनी आप्पांचे पैसे मिळाले, चार टक्के कमी. ते त्यांनीच फोन करून सांगितलं, आणि फी जास्त होती हेही पुन्हा सांगितलं. धाकटीनं ती पॉलिसी म्हाताऱ्यांना विकणं बंद केलं असं माझ्या कानावर आलं. तरुणांना अजून विकते. आम्ही बोलत नाही. कुणी विचारलं तर ती सांगते, की जावेनं माझं घर मोडलं. मला विचारलं तर मीही तेच सांगते, तिचं नाव घालून.